आईच्या कानाचं टेंडर

"तीन भाव घेतल्याशिवाय काडीसुद्धा घ्यायची नाही."

हे वाक्य तीनभावे इतक्या संथपणे म्हणत, की ऐकणाऱ्याला वाटावं, पृथ्वी बनवताना देवानेही आधी मातीचे तीन भाव मागवले असणार, आणि सगळ्यांत स्वस्त माती घेतल्यामुळेच जगाची आज ही गत झाली आहे.

नोकरीभर ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खरेदी विभागात होते. खराट्यापासून पंपापर्यंत जे काही कचेरीत यायचं, ते त्यांच्या टेबलावरून यायचं. तीन दुकानांकडून बंद पाकिटं मागवायची, चौघांसमोर फोडायची आणि ज्याचा भाव कमी त्याचा माल घ्यायचा. त्यात ओळखपाळख नाही, नातंगोतं नाही, दुकानदाराचा चहासुद्धा नाही. कचेरीने त्यांना नाव ठेवलं तीनभावे. ते इतकं घट्ट चिकटलं, की निरोपाच्या दिवशी फलक रंगवणाऱ्याने आडनाव समजून तेच लिहिलं. सगळे चपापले. तीनभावे मात्र फलकाजवळ गेले, चष्मा वर केला आणि रंगाऱ्याला म्हणाले, "अक्षराला काय दर लावलास?"

माणूस सचोटीचा. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात लबाडी कुणाचीच नव्हती. जे झालं ते सचोटीनेच झालं.

कचेरीच्या भिंतीवर त्यांनी घेतलेलं घड्याळ होतं. ते सकाळी साहेबांसारखं उशिरा यायचं आणि संध्याकाळी शिपायासारखं लवकर जायचं. साहेबांची फिरती खुर्चीही त्यांनीच घेतली होती. भर बैठकीत एकदा तिचा पाय निसटला आणि साहेब जमिनीवर आले. सगळे धावले. तीनभावेही धावले, साहेबांच्या कानाशी वाकले आणि धीर देत म्हणाले, "साहेब, पण भाव तिन्हींत कमी होता."

घरी बायको टोमणा मारायची, "अहो, माझ्या वेळी बाकीची दोन पाकिटं कुणाची होती, ते एकदा सांगून टाका."

"ते गोपनीय असतं," ते घास चावत म्हणत.

निवृत्तीनंतर घर हीच त्यांची कचेरी झाली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे झोपाळा मावेल एवढी गॅलरी. झोपाळ्याचे भाव अजून यायचे होते, म्हणून गॅलरी मोकळीच होती. दारातलं पायपुसणं तीन दुकानं हिंडून आणलेलं. त्यावर पाय पुसला की त्याचाच भुगा पायाला लागायचा, आणि मग तो पुसायला बायको जुनं फडकं ठेवायची.

त्या घरात त्यांची आई राहायची. नवरा लवकर गेला, तेव्हा तिने शिलाईच्या मशीनवर पाय मारून मुलाला वाढवलं. त्या मशीनच्या खडखडाटातूनही मुलाचं पाऊल फाटकाशी वाजलं की तिला कळायचं. आता त्याच बाईचे कान उतरले होते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरतं ना, तसे. रोज पाणी भरणाऱ्याला ते कळत नाही. एके दिवशी पोहरा तळाच्या दगडावर आपटतो, तेव्हा कळतं.

आईकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. चिमण्या हल्ली राहिल्याच नाहीत. बेल बिघडली आहे. सून तोंडातल्या तोंडात पुटपुटते.

आणि ताई हल्ली हळू बोलते.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, तीनभाव्यांची मावशी. ती शेजारच्या गावात लेकाकडे असायची. पलंगावरून फारशी उठत नसे. दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलत. दिवे लागायच्या सुमारास आई खिडकीजवळच्या स्टुलावर बसायची आणि मांडीवर फोन ठेवून वाट पाहायची. मावशीचा आवाज मुळातच बारीक, त्यात आजारपण. तो वाळत चाललेल्या ओहोळासारखा झाला होता, मध्येच दिसायचा, मध्येच वाळूत जायचा. आईला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. पण ते कबूल करणार कोण? मावशी बोलायची, आई अंदाजाने "हो, हो" म्हणायची. बरेच दिवस हे छान चाललं होतं. संसारातल्या कितीतरी गप्पा अशाच चालतात.

एके संध्याकाळी सुनेने फोनचा आवाज पूर्ण वाढवून दिला आणि ती भांडी घासायला आत गेली. आतून तिला मावशीचा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"धाकटे, मी एवढी बोलतेय, आणि तू नुसती हो हो करतेस. तुला माझा राग आलाय का गं?"

"हो, हो," आई म्हणाली.

मावशीचा आवाज आणखी बारीक झाला.

"खरंच राग आलाय?"

"हो गं, हो," आई प्रेमाने म्हणाली.

सून साबणाच्या हातांनी धावत आली, पण तोवर फोन बंद झाला होता. आई समाधानाने म्हणाली, "आज लवकर आवरलं तिने. दमली असेल."

सुनेने लगेच मावशीला फोन लावला. मावशी तिला बोलूच देईना. "तू मध्ये पडू नकोस, सूनबाई. ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली. एकदा नाही, दोनदा."

मग सुनेने सासूच्या कानाशी तोंड नेऊन घडलेलं सगळं ओरडून सांगितलं. आधी आईला ते खोटं वाटलं. मग पटलं. मग तिने फोन स्टुलावर असा ठेवला, जणू त्यात कुणी झोपलं आहे. दुसऱ्या दिवशी दिवे लागले, फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही.

"तू तिला सांगितलंस, ते झालं," आई सुनेला म्हणाली. "पण मला बोलायला हवं तिच्याशी. ती काय म्हणते ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय. तिचे दिवस किती उरलेत, कुणाला ठाऊक."

असं ते कानाच्या मशीनचं निघालं.

"अहो, आजच्या आज घेऊन या," बायको म्हणाली.

तीनभाव्यांनी डोळे मिटले. कित्येक महिने अंगणात बांधून ठेवलेल्या बैलाला नांगर दिसावा, तसा त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला. "आणतो ना," ते म्हणाले. "तीन भाव घेतो आणि आणतो."

पहिलं दुकान काचेच्या दाराचं होतं. आत कान तपासणाऱ्या एक बाई होत्या. शांत बोलणाऱ्या, समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलणाऱ्या.

"आईंना आणलंय का?"

"नाही. आधी भाव."

"कान तपासल्याशिवाय कसा सांगू? कुणाला कमी लागतं, कुणाला जास्त. कधी कधी नुसता मळ काढून भागतं."

"अंदाजे सांगा. बंद पाकिटात."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग एका कागदावर, इथपासून इथपर्यंत, असं काहीतरी लिहून दिलं. तीनभावे बाहेर पडले ते मनाशी म्हणतच, की ही बाई नक्की आकडा सांगत नाही, म्हणजे काहीतरी लपवते आहे.

दुसरं औषधांचं दुकान. तिथे खोकल्याच्या बाटल्यांशेजारी मशीनचे डबे रचले होते. एकच माप, सगळ्या जगाच्या कानांना. दुकानदाराने आकडा लिहिला, पाकीट चिकटवलं आणि वर शिक्काही मारला. तीनभाव्यांना हा माणूस आवडला.

तिसरा बसथांब्याजवळचा चादरवाला. चादर अंथरून त्यावर विजेऱ्या, कंगवे, रिमोटची कव्हरं, आणि त्यांच्यामध्ये कानाची मशीनं.

"पाकिटात भाव द्या," तीनभावे म्हणाले.

"काका, पाकीट कसलं? घ्यायचं तर घ्या, नाहीतर समोरून हटा. गिऱ्हाईक दिसत नाही मला."

"भाव लेखी लागतो."

चादरवाल्याने कंगव्याच्या पुठ्ठ्यावर आकडा खरडला आणि म्हणाला, "सही पण करू? अंगठा देऊ?"

"सही पुरेल," तीनभावे गंभीरपणे म्हणाले.

पाकिटं जेवणाच्या टेबलावर फोडली. समोर बायको बसली होती, शेजारी आई. पाकिटं बघून आईने मोठ्या कौतुकाने विचारलं, "कुणाचं लग्न निघालं?"

बायकोने कपाळाला हात लावला. पुठ्ठा जिंकला. पहिल्या बाईंचा भाव पुठ्ठ्यापुढे असा दिसत होता, जसा उंबरठ्यापुढे डोंगर. तीनभाव्यांनी समाधानाने हात चोळले आणि चपला घातल्या.

मशीन आईच्या कानात चढलं. ती दचकली. मग तिचे डोळे मोठे झाले.

"ऐकू येतंय?" तीनभावे ओरडले.

"येतंय, येतंय! पंखा येतोय. वर कुणी पाट सरकवला, तो येतोय. तू काय चावतोयस, कडाकडा?"

"आणि मी बोलतोय ते?"

"काय?"

तरीही संध्याकाळी आई नीट केस विंचरून स्टुलावर बसली. सुनेने मावशीला फोन लावून दिला. पलीकडून मावशीचं बारीक "हं" आलं. मनातल्या मनात ती चार दिवस वाटच बघत असणार. आईने आनंदाने फोन कानाला लावला. फोन मशीनला टेकला आणि मशीनने अशी शिट्टी फुंकली, की गॅलरीतलं कबुतर उडालं. आईने घाबरून फोन आणखी घट्ट धरला. शिट्टी आणखी चढली.

थोड्या वेळाने मावशीच्या लेकाचा निरोप आला. "आई म्हणते, रागवायचं तर खुशाल रागव म्हणावं, पण म्हातारपणी शिट्ट्या कसल्या वाजवतेस?"

आईने मशीन काढून लेकापुढे ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता. "यात वस्तू ऐकू येतात रे, माणूस येत नाही. भाव कमी असेल. पण मला ताईशी बोलायचंय."

तीनभावे सकाळी बसथांब्यावर गेले. चादर होती तिथेच, पण तिच्यावर आता चपला होत्या. कानाची मशीनं कुठे गेली, ते चादरवाल्याला स्वतःलाही आठवत नव्हतं.

"ठीक आहे," घरी येऊन ते म्हणाले. "नियमाप्रमाणे आता दुसऱ्या क्रमांकाचा भाव घ्यायचा. औषधाचं दुकान."

आणि इथे बायकोचा बांध फुटला. "आईंचं काय टेंडर काढलंय का तुम्ही? मावशी तिकडे भिंतीकडे तोंड करून झोपलीय. तुम्ही एकेक पाकीट चढत जाणार, आणि तोवर ती थांबणार? तिला तसं कळवलंय का लेखी?"

तीनभावे मोकळ्या गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत बायको सासूला लुगड्याची घडी काढून देत होती, ते त्यांना दिसत होतं. दोघी काचेच्या दाराच्या दुकानाकडे निघाल्या, तेव्हा तेही मागोमाग निघाले. माल ताब्यात घेताना खरेदीवाला हजर पाहिजे, एवढंच पुटपुटले.

बाईंनी आधी आईच्या कानात उजेड टाकून बघितलं, थोडा मळ काढला. मग तिला काचेच्या एका छोट्या खोलीत बसवलं. कानांवर दोन जाड वाट्या, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. बाई काचेबाहेर यंत्राशी बसल्या. त्यांनी आवाज सोडला की यंत्रावर एक दिवा लागायचा. आईने बटण दाबलं की शेजारचा दुसरा.

तीनभावे बाईंच्या मागे उभे राहिले. माल तपासायची सवय जुनी, म्हणून त्यांनी डोळे दिव्यांवर रोखले. पहिला दिवा लागला, दुसरा लागला. पहिला लागला, दुसरा लागला. चांगलं चाललं होतं. मग पहिला लागला.

दुसरा लागला नाही.

पहिला पुन्हा लागला. आई आत काचेपलीकडे मान थोडी कलती करून बसली होती. वर्गात हुशार मूल बसतं तशी, अंगठा बटणावर तयार ठेवून. पहिला लागला, विझला, लागला, विझला. आईचा अंगठा हलेना. तीनभाव्यांना वाटलं आपण काहीतरी करावं. त्यांनी काचेवर टकटक केली.

"आई, दाब! दाब ना!"

"तुम्ही तिकडे बसा बरं," बाई म्हणाल्या. "परीक्षेत सांगायचं नसतं."

ते बाकावर जाऊन बसले. हात गुडघ्यांवर. शेजारी बायको होती. तिने टोमणा मारला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

तपासणी झाल्यावर बाईंनी कागद पुढे केला. त्यावर एक रेघ होती. डावीकडून सरळ येत होती आणि मग टेकडीवरून पाणी घसरावं तशी खाली गेली होती. "हे जाड आवाज. हे त्यांना येतात. पंखा, दार, भांडी. आणि हे बारीक. हे गेलेत. बायकांचे बोल, आजारी माणसाचा आवाज, सगळे इथे. तुम्ही आणलेलं मशीन सगळंच सारखं वाढवत होतं. जे येत होतं ते आणखी मोठं झालं, आणि त्याच्याखाली माणसं बुडाली."

तीनभाव्यांनी कागद चष्म्याजवळ धरला.

"त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे भाव मागितलात," बाई म्हणाल्या, "पण माप आणलं नव्हतं."

हे वाक्य त्यांना जिथे लागायचं तिथे लागलं. कारण हे त्यांचंच होतं. नव्या कारकुनाला ते पहिल्या दिवशी हेच शिकवत. पाइपाचा भाव मागवायचा तर आधी व्यास लिही. लांबी लिही. जाडी लिही. माप न लिहिता भाव मागणारा खरेदीवाला नव्हे, बाजारात हरवलेलं वासरू. आयुष्यभर त्यांनी खिळासुद्धा मापाशिवाय घेतला नव्हता. आणि आईचे कान घेऊन ते बिनमापाचे तीन दुकानं हिंडले होते.

"मग आता सगळ्यांत महाग लागेल," ते हळू आवाजात म्हणाले. हा आवाज बायकोने यापूर्वी ऐकला नव्हता.

"मुळीच नाही. महागाच्या सोयी आईंना लागणार नाहीत. घरातली दोन माणसं, फोन आणि बहीण, एवढ्याला साधं पुरतं. पण दोन्ही कानांना हवं, आणि या रेघेप्रमाणे जुळवलेलं हवं. काही दिवस घरी वापरून बघा. टोचलं, वाजलं, तर परत आणा. पुन्हा जुळवून देईन. आणि पहिल्या दिवशी सगळं विचित्र वाटेल, तर काढून फेकू नका."

बाईंनी वाटाण्याएवढे दोन तुकडे आईच्या कानांमागे बसवले, तारा आत सोडल्या, संगणकावर काहीतरी केलं. मग तीनभाव्यांना खूण केली, बोला.

"आई!" ते नेहमीच्या पट्टीत गरजले.

"अरे, ओरडतोस काय?" आई म्हणाली. "बाजारात आहोत का आपण?"

बायकोने पदर तोंडाला लावला. घराला ओरडायची इतकी सवय लागली होती, की रिक्षातही दोघं नवरा-बायको ओरडूनच बोलत राहिली, आणि आई दोन्ही कानांवर हात ठेवून, हसत, मध्ये बसली.

संध्याकाळी मावशीला फोन लावला. लेकाने उचलला. आईला त्याचं बोलणं स्पष्ट आलं. म्हणजे नकारही स्पष्टच आला. "मावशी, आई फोनला हातच लावत नाही. म्हणते, पुन्हा शिट्टी नको."

आईने फोन खाली ठेवला. मग उठली. "उद्या मला तिच्याकडे घेऊन चल," ती लेकाला म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघं बसने गेली. मावशीची खोली पुढच्याच बाजूला होती. एक पलंग, औषधांचं टेबल, रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलं ऐकून तिने वळूनही बघितलं नाही. भिंतीलाच म्हणाली, अगदी हळू, "आली वाटतं शिट्टीवाली."

"आले," आई म्हणाली.

मावशीची पाठ हलली. ती सावकाश या कुशीवर वळली. "तुला ऐकू आलं?"

"आलं. आणि भिंतीशी बोलायची तुझी खोड गेली नाही, तेही दिसलं."

"मी विचारलं राग आलाय का, तर हो म्हणालीस. दोनदा."

"मला ऐकूच आलं नव्हतं, ताई."

"मग हो कशाला म्हणायचं?"

"तू एवढं बोलतेस. मध्ये कुणीतरी हो म्हणायला नको?"

"अगं, मग सांगायचं ना, बहिरी झालेय म्हणून!"

आई पलंगाच्या कडेवर बसली. "सांगितलं असतं तर फोन केला असतास? बहिऱ्या माणसाला कोण फोन करतं, ताई?"

तीनभावे टेबलावरच्या औषधाच्या बाटलीकडे बघत राहिले.

"मी केला असता," मावशी शेवटी म्हणाली. "ओरडून बोलले असते."

"ओरडायचा जीव उरलाय का तुझ्यात?"

"तुझ्यावर ओरडायला कितीसा लागतो?"

आणि दोघी हसल्या. एकीला हसताना खोकला आला, दुसरीने पाणी दिलं. तीनभाव्यांना वाटलं, आता झाल्या प्रकाराचा खुलासा करण्याची हीच वेळ. ते घसा साफ करून म्हणाले, "मावशी, त्याचं असं झालं, की पहिल्या मशीनमध्ये जाड आणि बारीक आवाज..."

"हा तुझाच ना?" मावशीने बहिणीला विचारलं.

"माझाच."

"अजून तसाच आहे?"

"अगदी तसाच."

"जा रे बाळा," मावशी म्हणाली. "तू आता घरी जा. ही राहील आठ दिवस. आम्हाला बोलायचंय."

"मग मी बसतो ना. तुम्ही बोला."

"तुझ्याबद्दलच बोलायचंय."

तीनभावे उठले. आईच्या पिशवीतून त्यांनी मशीनचे जादा सेल काढून टेबलावर ठेवले, ते कसे बदलायचे ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि ओरडलो तर नाही ना, म्हणून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग चपला घालून बाहेर पडले.

दुपारचं ऊन रस्त्याच्या एका अंगाला सरकलं होतं. ते भिंतीच्या सावलीतून चालू लागले, मान खाली, रिकामी पिशवी काखेत. खिडकीशी दोघी उभ्या होत्या. थोरलीने गज धरले होते आणि धाकटीने थोरलीला कमरेशी धरलं होतं. मावशी हळूच काहीतरी म्हणाली, ओठ जेमतेम हलले. आईने लेकावरची नजर न काढता, मान न वळवता, तिला उत्तर दिलं. मग मावशी पुन्हा काही म्हणाली, आणि आईने पुन्हा उत्तर दिलं. तो वळणावर दिसेनासा झाला, तरी दोघी तिथेच होत्या.